टेकमध्ये देवनागरी का नव्हती?

राशोलला १६१६ साली फादर थॉमस स्टीफन्सचे ‘ख्रिस्तपुराण’ छापले गेले ते रोमन अक्षरांत. भाषा मराठी, पण देवनागरीचे खिळे कुठून आणणार! पुढे पावणेचारशेहून अधिक वर्षांनी, नव्वदच्या दशकाच्या अखेरीस, मी आजीच्या ओव्यांची पुस्तिका संगणकावर जुळवायला बसलो आणि मराठी पुन्हा रोमन अक्षरांतच बडवू लागलो.

साधन होते ‘टेक’. आपल्याच पुस्तकाची कळाहीन प्रुफे पाहून वैतागलेल्या डोनाल्ड क्नूथ यांनी १९७७मध्ये स्टॅनफर्डला हाती घेतलेली ही अक्षरजुळणीची आज्ञावली, मूळ संहितेसह सर्वांना खुली. त्यात देवनागरी नव्हती. मला वाटे, मागितली तर घालायला काय हरकत आहे?

हरकत होती. क्नूथ कुणाचे ऐकतच नसत असे नाही. १९८९मध्ये युरोपातल्या मंडळींनी आग्रह धरला, की आमची अक्षरे सात बिटांत मावत नाहीत. ते त्यांनी मानले आणि पुढच्या वर्षी आठ बिटांची ३.० आवृत्ती काढली. मग मात्र दार लावून घेतले! १९९०मध्येच जाहीर केले, की यापुढे फक्त चुका दुरुस्त होतील, नवी सोय एकही नाही. दुरुस्ती झाली की आवृत्तीचा आकडा पायच्या किमतीकडे एक घर सरकतो. २०२१मध्ये तो ३.१४१५९२६५३ झाला. चूक दाखवणाऱ्याला चेक मिळे, सुरुवातीला २.५६ डॉलरचा, वाढत वाढत ३२७.६८ चा. बरेच जण तो वटवण्याऐवजी चौकटीत लावत. संहिता घेऊन बदल करायला कुणालाही मुभा, पण मग नाव टेक ठेवायचे नाही. ते नाव हवे तर ‘ट्रिप’ नावाच्या चाचणीतून पार व्हायचे, आणि ती फाईल इतकी विचित्र की शहाणा माणूस तसे काही लिहिणारच नाही.

मला हा निव्वळ ताठा वाटायचा. युरोपची मागणी वेळेत पोचली, आमची पोचली नाही, एवढेच, असे अजूनही कधी कधी वाटते.

असो. देवनागरी आली ती दाराबाहेरून. १९९१मध्ये नेदरलँड्सच्या फ्रान्स वेल्थुइस यांनी टेकला हातही न लावता एक वेगळी आज्ञावली लिहिली. आपण रोमनमध्ये टंकायचे, ती जोडाक्षरे लावून मजकूर टेकच्या हाती देई. थेट देवनागरी वाचणारे जोनाथन क्यू यांचे ‘झीटेक’ २००४मध्ये आले, अर्थात वेगळ्या नावाने.

गेल्या वर्षी ओव्यांची ती फाईल सापडली. चालवून पाहिली. एकही ओळ हलली नव्हती, चौथ्या पानावरची माझी ऱ्हस्वदीर्घाची चूकसुद्धा तशीच. भरपूर सोयींच्या दुसऱ्या एका आज्ञावलीत तेव्हाच केलेल्या प्रस्तावनेची मात्र आता नुसती चौकोनांची रांगोळी झाली आहे.