‘ढ’ म्हटलेल्या मुलांचा इतिहास

मराठी वर्णमालेंतील ‘ढ’ या अक्षराच्या वाट्यास जी अपकीर्ति आली, ती दुसऱ्या कोणत्याहि अक्षराच्या वाट्यास आलेली नाहीं. वर्गांत मागें पडणाऱ्या मुलास ‘ढ’ म्हणण्याची चाल महाराष्ट्रांत फार जुनी आहे. तिची उपपत्ति अशी सांगतात कीं, अशोकाच्या शिलालेखांतील ब्राह्मी लिपीपासून आजच्या देवनागरीपर्यंत इतर अक्षरांचीं रूपें पालटत गेलीं. ‘ढ’ मात्र जवळजवळ होता तसाच राहिला. ही उपपत्ति खरी असो वा मागाहून रचलेली असो, तिच्या पोटांत एक निवाडा दडलेला आहे: या मुलांत कधीं फरक पडावयाचा नाहीं. हा निवाडा चुकीचा आहे हें जगाला कळावयास फार काळ लागला, आणि तोंवर पुष्कळ मुलांनीं शाळेचा उंबरठा कायमचा सोडला.

असा एक मुलगा डोळ्यांपुढें आणावा. ऐकलेली गोष्ट तो जशीच्या तशी सांगतो, बाजारांतील हिशेब तोंडीं करतो. परंतु पुस्तक हातीं दिलें कीं ‘घ’ आणि ‘ध’, ‘भ’ आणि ‘म’ यांत त्याचा घोटाळा होतो, वेलांटी भलत्या बाजूस जाते, आणि जोडाक्षरापाशीं तर तो थांबूनच राहतो. त्यांत भर अशी कीं, त्याला एका जागीं दहा मिनिटें बसवत नाहीं. प्रश्न पुरा होण्यापूर्वीं तो उत्तर देतो, वही हरवतो, सांगितलेल्या तीन कामांपैकीं दोन विसरतो. पहिल्या अडचणीस आज वाचनाची अध्ययन-अक्षमता किंवा डिस्लेक्सिया म्हणतात. दुसरीस अवधानाचा अभाव व अतिचंचलता, म्हणजे ए. डी. एच. डी. असें नांव आहे. दोहोंचें मूळ मेंदूच्या घडणींत असतें, दोन्ही पुष्कळदां एकाच घराण्यांत आढळतात, आणि चांगली बुद्धि असलेल्या मुलांतहि त्या दिसून येतात. चंचल मुलांपैकीं चौघांमागें निदान एकास अक्षरांचीहि अडचण असते. मुलींत हा चंचलपणा पुष्कळदां बाहेर दिसतच नाहीं. मुलगी खिडकीबाहेर पाहत स्वस्थ बसते, म्हणून ती कोणाच्या लक्षांतहि येत नाहीं.

या मुलांची गोष्ट अंबाजोगाईसारख्या गांवीं विशेष अर्थानें आठवते, कारण हें गांव म्हणजे मराठी अक्षराचें माहेर. मराठींतील आद्य ग्रंथ मानला जाणारा ‘विवेकसिंधु’ शके १११० मध्यें, म्हणजे इ. स. ११८८ सालीं, सिद्ध झाला. त्याच्या कर्त्याची, मुकुंदराजांची, समाधि येथें दाखविली जाते. पुढें याच गांवीं दासोपंतांनीं (१५५१–१६१५) प्रचंड ग्रंथरचना केली. त्यांची ‘पासोडी’ तर प्रसिद्धच आहे. पंचीकरणासारखा गहन विषय त्यांनीं सुमारें ४० फूट लांब व ४ फूट रुंद अशा जाड्याभरड्या कापडावर आकृत्या काढून लिहिला. वेदान्तहि डोळ्यांनीं पाहून समजावा, ही दृष्टि त्या कापडावर उघड दिसते. एकच वस्तु कोणास कानानें उमगते, तर कोणास डोळ्यानें, हें शिकविणारांना फार पूर्वींपासून ठाऊक होतें. शाळेच्या चौकटींत मात्र त्याचा विसर पडला.

युरोपांत या प्रश्नाचा शास्त्रीय विचार एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस सुरू झाला. १८९६ सालीं इंग्लंडमधील डॉ. प्रिंगल मॉर्गन यांनीं एका चौदा वर्षांच्या मुलाची हकीकत प्रसिद्ध केली. तो हुशार होता, खेळांत चपळ होता. पण त्याला साधे शब्दहि वाचतां येत नसत. शिक्षण सगळें तोंडीं असतें तर हा शाळेंतील सर्वांत हुशार मुलगा ठरला असता, असें त्याच्या गुरुजींचें मत होतें. १९०२ सालीं लंडन येथें डॉ. जॉर्ज स्टिल यांनीं चंचल व अनावर मुलांवर व्याख्यानें दिलीं. यांतील कित्येकांची बुद्धि शाबूत आहे हें त्यांनीं ओळखलें. तथापि दोषाला नांव दिलें तें नैतिक संयमाच्या उणिवेचें. रोग ओळखला, पण ठपका मुलाच्या शीलावरच राहिला. १९३७ सालीं अमेरिकेंत डॉ. चार्ल्स ब्रॅडली यांनीं तीस मुलांना एक उत्तेजक औषध दिलें. तेव्हां त्यांतील जवळजवळ निम्म्या मुलांचा अभ्यास आश्चर्य वाटावें इतका सुधारला. १९६३ मध्यें सॅम्युएल कर्क यांनीं ‘अध्ययन-अक्षमता’ ही संज्ञा रूढ केली, ए. डी. एच. डी. हें नांव १९८७ पासून चालूं झालें.

मराठवाड्यांत या काळीं अडचण निराळीच होती. निजामी राजवटींत अंबाजोगाईचें नांव मोमिनाबाद होतें. सरकारी शाळा थोड्या, आणि वरच्या शिक्षणाचें माध्यम उर्दू. घरीं मराठी बोलणारें मूल परक्या भाषेंत अडखळलें, तर दोष भाषेचा, शाळेचा कीं मुलाच्या मेंदूच्या घडणीचा, हें ठरविणार कसें? स्वामी रामानंद तीर्थांसारख्या शिक्षकांनीं राष्ट्रीय शाळांतून मातृभाषेच्या शिक्षणाचा दिवा तेवत ठेवला. १९४८ सालीं हैदराबाद संस्थान मुक्त झालें आणि शाळा वाढूं लागल्या. मग मागें राहणारीं मुलें डोळ्यांत भरूं लागलीं. परंतु त्यांच्यासाठीं शब्द होता तो ‘ढ’ हाच, आणि उपाय होता तो छडीचा.

महाराष्ट्रांत या मुलांस पहिला राजमान्य आधार मिळाला तो १९९६ सालीं. अध्ययन-अक्षमता असलेल्या विद्यार्थ्यांना परीक्षेंत जादा वेळ देणें, शुद्धलेखनाच्या चुकांबद्दल गुण न कापणें, एका भाषेऐवजीं कार्यानुभवाचा विषय घेऊं देणें, अशा सवलती देण्यांत हें राज्य देशांत अग्रेसर ठरलें. २००९ च्या शिक्षणहक्क कायद्याच्या सतराव्या कलमानें मुलास मारणें व त्याचा मानसिक छळ करणें या दोहोंस बंदी केली. हरियाणांतील मानेसर येथील राष्ट्रीय मेंदू संशोधन केंद्रानें भारतीय भाषांतून डिस्लेक्सिया ओळखण्याच्या कसोट्या तयार केल्या. त्यांत मराठीहि आहे. १९९५ च्या अपंगविषयक कायद्यांत या अक्षमतेचें नांव नव्हतें. २०१६ च्या कायद्यानें मान्य केलेल्या एकवीस प्रकारांत तें आलें. चंचलतेस मात्र त्या यादींत स्वतंत्र स्थान मिळालें नाहीं.

येथेंच खरी गोम आहे. ज्या मुलास दोन्ही अडचणी आहेत, त्याची एक अडचण दुसरीस झांकून टाकते. तो बसत नाहीं म्हणून त्याला वाचतां येत नाहीं, असें गुरुजींस वाटतें. वाचतां येत नाहीं म्हणून तो बसत नाहीं, असें आईस वाटतें. दोघांच्याहि म्हणण्यांत अर्धें सत्य असतें. औषधानें अवधान स्थिर होऊं शकतें. परंतु औषध अक्षर शिकवीत नाहीं. अक्षर शिकवावें लागतें तें शिक्षकानेंच: सावकाश, ध्वनि आणि आकृति यांची सांगड घालून, वाळूंत वा पिठांत बोटानें गिरवून घेऊन. उलट, उत्तम शिकवणी ठेवली आणि चंचलतेकडे दुर्लक्ष केलें, तर तास संपेपर्यंत मूल मनानें तेथें असतच नाहीं. दोन गांठी आहेत. त्या वेगवेगळ्याच सोडवाव्या लागतात.

बीड जिल्ह्यांत आणखी एक गांठ आहे. ऊसतोडीसाठीं येथील हजारों कुटुंबें दरवर्षीं कित्येक महिने परमुलखांत जातात. त्यांच्याबरोबर जाणाऱ्या मुलाची शाळा बुडते. तें वाचनांत मागें पडलें, तर कारण बुडालेली शाळा कीं जन्मजात अडचण, हें चिकाटीनें तपासल्यावांचून सांगतां येत नाहीं. निजामी अमदानींतील जुनाच प्रश्न येथें नव्या वेषांत उभा राहतो. ज्याची शाळाच बुडाली, त्यास अक्षम ठरविणें हा अन्याय. आणि जो खरोखर अडखळतो, त्याला ‘शाळा बुडाली म्हणून’ असें सांगून तसेंच सोडणें हाहि अन्यायच.

तपासणीची सोय पहिल्यानें मुंबईसारख्या मोठ्या शहरीं झाली, आणि अंबाजोगाईहून मुंबई म्हणजे एका रात्रीचा प्रवास. तथापि स्वामी रामानंद तीर्थांचेंच नांव धारण करणारें ग्रामीण वैद्यकीय महाविद्यालय १९७४ पासून याच गांवांत आहे. पालकांनीं बालरोग व मानसोपचार या विभागांचा दरवाजा ठोठावण्यास संकोचूं नये. तोंवर घरींहि पुष्कळ करतां येतें. एका वेळीं एकच काम सांगावें. अभ्यासाचे लहान लहान तुकडे पाडून मध्यें हिंडूं द्यावें. जेवण, खेळ, झोंप यांच्या वेळा ठरलेल्या असाव्यात. काम जमलें कीं शाबासकी तेव्हांच द्यावी, संध्याकाळवर टाकूं नये. शाळेंत त्याला पुढच्या बांकावर, खिडकीपासून दूर, गुरुजींच्या नजरेंत बसवावें, आणि जें लिहितां येत नाहीं तें तोंडीं विचारावें.

‘ढ’ हें अक्षर दोन हजार वर्षें बदललें नाहीं, असें म्हणतात. तें बदलण्याचें कारणहि नव्हतें. त्याच रूपांत तें आपलें काम चोख बजावीत आलें. ज्या मुलांना त्या अक्षराच्या नांवानें हिणविलें गेलें, त्यांचीहि गोष्ट कांहीं वेगळी नव्हती. बदलावयाची होती ती त्यांना शिकविण्याची रीत.