रिकामे ताट

नरकचतुर्दशीच्या पहाटे तुळशीपुढे कारीट फुटले, अभ्यंगस्नाने आटोपली, की सिंधुदुर्गातल्या घराघरांतून पोह्यांचा वास येऊ लागतो. गोडे पोहे, तिखट पोहे, दुधातले पोहे. घरच्यांची पाने मांडून होतात न होतात तोच एक ताट वेगळे काढून त्यावर फडके टाकले जाते. हे ताट शेजारी जायचे असते. शेजाऱ्याचे आडनाव फर्नांडिस असले, डिसोजा असले, तरी त्यात कोणाला नवल वाटत नाही. नाताळ आला की तेच ताट परत येते. आता त्यावर नेवऱ्या असतात, कुलकुले असतात, दोदोलाच्या वड्या असतात. मधले दीड-दोन महिने ते शेजारच्या फळीवर पडून राहते, कारण रिकामे ताट परत पाठवण्याची आमच्याकडे रीत नाही. "रिकामा ताट कसा धाडूचा?" एवढ्या एका प्रश्नात इथला सगळा शेजारधर्म आला.

या ताटामागे मोठा इतिहास आहे, आणि तो सगळाच गोड नाही. या किनाऱ्यावरचा ख्रिस्ती समाज बव्हंशी गोव्याकडून आला. 1560 साली गोव्यात इन्क्विझिशन, म्हणजे धर्मन्यायसभा, बसली आणि मधली थोडी वर्षे सोडली तर 1812 पर्यंत ती चालली. बाप्तिस्मा घेतलेल्या माणसाने पूर्वजांच्या जुन्या चालीरीती पाळणे हा तिथे अपराध ठरला. त्यात लढाया, साथी आणि करांचा बोजा. कितीतरी कुटुंबांनी सरहद्द ओलांडली. काही कारवार-मंगळूरकडे गेली, काही सावंतवाडी संस्थानात आली. ज्या पोर्तुगीजांशी वाडीकर सावंतांच्या वारंवार लढाया होत, त्यांच्याच धर्माची ही माणसे. तरी त्यांना इथे राहता आले, माड लावता आले, आपली प्रार्थनामंदिरे बांधता आली. म्हणजे या किनाऱ्यावर ख्रिस्ती माणूस आला तो दया वाटायला नव्हे, आसरा मागायला. ताट पहिल्यांदा गेले ते आमच्याकडून त्यांच्याकडे, हे विसरता कामा नये.

दुसरा प्रवाह आला तो घाटावरून. 1852 साली रॉयल वाइल्डर या अमेरिकन मिशनऱ्याने कोल्हापुरात काम सुरू केले. पुढे तिथे आलेल्या प्रेस्बिटेरियन मिशनच्या डॉक्टर विल्यम वानलेस यांनी 1894 साली मिरजेचे रुग्णालय उभारले. याच मिशनने वेंगुर्ल्यात सेंट ल्यूक रुग्णालय चालवले. त्या दिवसांतले वेंगुर्ले डोळ्यांपुढे आणून पाहावे. आगगाडी घाटापलीकडे. मुंबईला जायचे तर बोटीने, आणि पावसाळ्याचे महिने बोटी बंद. अडलेली बाळंतीण, सर्पदंश झालेला शेतकरी, माडावरून पडलेला पाडेली. यांनी जायचे कोठे? अशा बंदरात डॉक्टर रॉबर्ट गोहीन आणि त्यांच्या पत्नी ॲन यांनी संसार थाटला. शिवाशिवीच्या त्या काळात अशा दवाखान्यांत ब्राह्मणाची नाडी पाहणारा हात महाराचीही नाडी पाहत असे. आज हे वाचताना त्यात काही विशेष वाटत नाही. त्या वेळी ते फार मोठे होते.

रुग्णालयाला नाव दिले ते संत लूकाचे, आणि ते नेमके आहे. लूक हा वैद्य होता अशी परंपरा सांगते. आणि दयाळू शोमरोन्याची गोष्ट चार शुभवर्तमानांपैकी फक्त त्याच्याच शुभवर्तमानात आहे. यरुशलेमहून यरीहोला उतरणारी वाट आपल्या आंबोलीच्या घाटासारखी उताराची. तिथे एका वाटसरूला चोरांनी लुटून अर्धमेला टाकले. याजक आला, पाहून पलीकडून निघून गेला. लेवी आला, तोही गेला. मग आला एक शोमरोनी. ज्याच्या हातचे पाणीही ज्यू लोकांना नकोसे, असा. त्याने जखमा बांधल्या, त्याला आपल्या जनावरावर घातले, धर्मशाळेत नेले आणि दोन नाणी मोजून दिली. वर जास्त लागले तर परतताना देईन म्हणाला. ही गोष्ट येशूने सांगितली ती एका प्रश्नाला उत्तर म्हणून. प्रश्न होता, माझा शेजारी कोण? गोष्ट संपताना येशूने तो प्रश्नच उलटा केला: त्या वाटसरूचा शेजारी कोण झाला? शेजार हा भिंतीला भिंत लागल्याने मिळत नाही. तो आपण होऊन व्हावा लागतो.

पण इथे एक रोखठोक शंका येते, आणि ती टाळणे बरे नाही. दवाखान्यात औषधाबरोबर शुभवर्तमानही येत असे. दुखण्याने लाचार झालेल्या माणसापुढे धर्माची गोष्ट ठेवणे याला निखळ दया म्हणावे काय? महात्मा गांधींनी 1931 साली स्पष्ट लिहिले होते, की शाळा आणि दवाखाने ही धर्मांतराची साधने होणार असतील तर ती माणसे परत गेलेली बरी. हा आक्षेप मला न्याय्य वाटतो. मात्र त्याचे माप लूकाच्याच गोष्टीत आहे. शोमरोन्याने जखमीला नाव विचारले नाही, धर्म विचारला नाही, आणि बरा झाल्यावर माझ्या देवळात ये असेही सांगितले नाही. जिथे मिशन या मापाला उतरले तिथे ते ख्रिस्ती ठरले. जिथे उतरले नाही तिथे त्याच्याच ग्रंथाने त्याला उणे ठरवले. आणि हे माप आपल्यालाही आहे. याजक आणि लेवी हे काही केवळ ज्यूंतच जन्मत नाहीत. गावकुसाबाहेरच्या दुखणाईताला ओलांडून आपले किती पूर्वज देवळात गेले, याचा हिशेब आपणच मांडावा.

गोहीन दांपत्याला 15 ऑगस्ट 1919 रोजी वेंगुर्ल्यातच एक मुलगा झाला, रॉबर्ट फ्रान्सिस. पंधराव्या वर्षी तो शिकायला अमेरिकेत गेला. 1957 साली, उण्यापुऱ्या सदतिसाव्या वर्षी, तो प्रिन्स्टन विद्यापीठाचा अध्यक्ष झाला. 1969 साली त्या जुन्या विद्यापीठाचे पदवीचे वर्ग मुलींना खुले झाले ते त्याच्याच कारकीर्दीत. पुढे 1977 साली तो अमेरिकेचा राजदूत होऊन भारतात आला आणि 1980 पर्यंत राहिला. ज्या मातीने त्याला अंगाखांद्यावर खेळवले तिच्याकडे तो रिकाम्या हातांनी परतला नाही. असे वाटते, की तो आपल्याच एखाद्या घरचे ताट घेऊन आला होता.

तसे पाहिले तर ताटाची देवघेव आणि शोमरोन्याची दया या दोन वेगळ्या गोष्टी. ताट परत येते. त्या दोन नाण्यांची परतफेड कोणी केली नाही, ती अपेक्षितही नव्हती. पण ज्या वाडीत वर्षानुवर्षे ताटे या घरातून त्या घरात जातात तिथल्या माणसाचा पाय वाटेवरच्या अनोळखी जखमीपाशी सहसा अडखळतो, पलीकडून निघून जात नाही. मोठ्या दयेची धुळाक्षरे या लहान सवयीतच गिरवली जातात. 2005 साली सिंधुदुर्गाला स्वतंत्र ख्रिस्ती धर्मप्रांत मिळाला, रस्ते झाले, रेल्वे आली, वाड्यांतली घरे मुंबईच्या वाटेने रिकामी होऊ लागली. कुंपणाच्या जागी चिऱ्याचे गडगे उंच झाले. यंदाच्या पाडव्याला गडग्याच्या उंचीकडे न पाहता ताट पलीकडे द्यावे. ते केव्हा परतेल याची मात्र वाट पाहू नये.