पाणी निवळतं कसं?

आमच्या वसईत निर्मळ नावाचं गाव आहे आणि तिथल्या तलावाचं नाव आहे विमल. दोन्ही शब्दांचा अर्थ एकच : मळ नसलेलं. दर वर्षी कार्तिकात तिथे मोठी यात्रा भरते. ज्या मुलखाने गावाला आणि तळ्याला अशी नावं दिली, त्याला स्वच्छ पाण्याची किंमत नक्कीच ठाऊक होती. पाणी हिरवं का होतं आणि माणसाने ते निवळायच्या कोणत्या युक्त्या शोधल्या, त्याची गोष्ट आज सांगणार आहे. तिच्यात माझी स्वतःची एक चूकही आहे.

आमच्या वाडीत बावखल होतं. वसईबाहेरच्या श्रोत्यांसाठी सांगतो, बावखल म्हणजे वाडीत खोदलेलं छोटं तळं. पावसाचं पाणी त्यात साठायचं, जमिनीत मुरायचं आणि उन्हाळ्यात त्यावरच केळी नि पानवेली जगायच्या. काठावर रहाट असे. रेडा गोल फिरायचा, मडकी भरून वर यायची आणि पाटाने पाणी वाडीभर जायचं. पाणी आटलं की तळाचा गाळ काढून झाडांच्या बुंध्याशी टाकायचा. झाडांना खत मिळे आणि बावखल साफ होई.

पुढे विजेचा पंप आला, बोअरवेल आली आणि रहाट थांबला. दोन-तीन वर्षांत बावखलावर शेवाळाची हिरवी साय धरली. साल १९७४. मी कॉलेजात रसायनशास्त्र शिकत होतो. मोरचूद शेवाळ मारतं, हे मी पुस्तकात वाचलं होतं. पानवेलींवर बोर्डो मिश्रण फवारायचं म्हणून मोरचूद घरात होतंच. मी मोजमाप न करता ओंजळीने ते पाण्यात टाकलं. चार दिवसांत शेवाळ काळवंडून तळाशी बसलं आणि माझी छाती फुगली. पाचव्या दिवशी सकाळी मासे पांढरी पोटं वर करून तरंगत होते.

आजोबा रागावले नाहीत. एवढंच म्हणाले, "बाळा, रहाट बंद ठेवून तू औषध शोधत बसलास."

त्या वाक्याचा अर्थ कळायला मला बराच काळ लागला.

पाणी निवळण्याची विद्या आपल्याकडे फार जुनी. सुश्रुतसंहितेत गढूळ पाणी स्वच्छ करणाऱ्या सात वस्तू सांगितल्या आहेत. त्यात पहिली कतक, म्हणजे आपली निवळी. तिची बी मडक्याला आतून घासायची की गाळ एकत्र येऊन खाली बसतो. गंमत म्हणजे त्या यादीत शेवाळाचं मूळही आहे! घरोघरची तुरटी हेच काम करते. पण निवळी आणि तुरटी पाण्यातला गाळ खाली बसवतात. शेवाळ जिवंत असतं, ते पुन्हा वाढतं.

त्याला मारण्याचा उपाय १९०४ साली अमेरिकेच्या कृषी खात्यातल्या जॉर्ज मूर आणि कार्ल केलरमन यांनी मांडला. दहा लाख भाग पाण्याला एखादा भाग, किंबहुना त्याहूनही कमी मोरचूद पुरतं, असं त्यांनी दाखवलं. माझी ओंजळ किती मोठी होती ते आता तुम्हीच ताडा. शिवाय मेलेलं शेवाळ कुजताना पाण्यातला प्राणवायू ओढून घेतं. तांब्याच्या विषातून वाचलेला मासाही मग गुदमरतो.

दुसरं हत्यार क्लोरीनचं. ग्लासगोच्या चार्ल्स टेनंटने १७९९ मध्ये ब्लीचिंग पावडरचं पेटंट घेतलं, ते कापड पांढरं करण्यासाठी. पिण्याच्या पाण्यासाठी अमेरिकेत जर्सी सिटीने क्लोरीनचा कायमस्वरूपी वापर सुरू केला तो १९०८ मध्ये. आपल्या ग्रामपंचायतीचा माणूस विहिरीत टीसीएल पावडर टाकतो, तो याच परंपरेतला. पाठोपाठ १९०९ मध्ये कोपनहेगनच्या कार्ल्सबर्ग प्रयोगशाळेत सोरेन्सन यांनी पाण्याची आम्लता मोजायची पट्टी दिली. तिलाच आपण पीएच म्हणतो.

या दोन गोष्टींची सांगड मला समुद्रकाठच्या एका रिसॉर्टवर दिसली. माझा एक जुना विद्यार्थी तिथला तरणतलाव सांभाळतो. मे महिना, सुट्टीची गर्दी तोंडावर आणि पाणी हिरवंगार. "सर, पोतं रिकामं केलं, तरी शेवाळ हटत नाही," तो म्हणाला. पीएच तपासला तर साडेआठ. साडेसात पीएचला क्लोरीनचा निम्मा भाग प्रभावी रूपात असतो, साडेआठला जेमतेम दहावा हिस्सा. शेवाळ दिवसभर पाण्यातला कर्बवायू खातं, त्याने पीएच चढतो. त्यात ब्लीचिंग पावडर मुळातच अल्कधर्मी. पोरगा जितकी पावडर ओतत होता, तितकं तिचं बळ घटत होतं. उरलेला क्लोरीन दुपारचं ऊन संपवत होतं.

उपाय साधा होता, पण क्रमाने करायचा. तलाव बंद ठेवला. पंप चालू करून जपून आम्ल घातलं आणि पीएच साडेसातच्या खाली आणला. आम्ल आणि पावडर मात्र कधीही एकत्र येऊ द्यायची नाही, विषारी वायू सुटतो. भिंती घासल्या. सूर्यास्तानंतर क्लोरीन दिला, पंप रात्रभर चालू ठेवला, गाळणी वरचेवर धुतली. पाणी हिरव्याचं दुधाळ झालं, मग तुरटीने गाळ बसवून तो खेचून काढला. चौथ्या दिवशी तळाच्या फरश्या मोजता आल्या.

पंपाचा आवाज ऐकताना मला आजोबांचा रहाट आठवला. पाणी फिरतं ठेवायचं आणि गाळ काढायचा, हे तरणतलावालाही चुकलेलं नाही. तिथे रसायन लागतं, कारण त्या पाण्यात माणसाखेरीज कोणी जगायचं नसतं. बावखलात मासे, बेडूक, पाखरं यांचा संसार असतो. तिथे पोत्यातली पावडर चालत नाही.

आज वसईतली कितीतरी बावखलं बुजली आहेत, काहींवर इमारती उभ्या आहेत. हिरवं, डासांचं पाणी दिसलं की भराव टाकायला निमित्त मिळतं. पण हीच तळी पावसाचं गोडं पाणी जमिनीत मुरवतात आणि समुद्राचं खारं पाणी विहिरींपासून दूर ठेवायला हातभार लावतात. म्हणून बावखल हिरवं दिसलं, तर आधी सांडपाणी थांबवा, उन्हाळ्यात गाळ काढा आणि ते पाणी झाडांना घाला.

आमच्या बावखलावर आता रहाट नाही, एक लहान पंप आहे. बोअरवेल आम्ही बंद ठेवली आहे. केळींना पाणी बावखलाचंच जातं, आणि मासे परत आले आहेत.