हॉइट कुटुंबाची धाव

मंडळाच्या सुवर्णमहोत्सवी वर्षात व्याख्याने, नाट्यप्रयोग, पाककृतींची स्पर्धा असे नेहमीचे कार्यक्रम योजिले आहेतच. परंतु यंदा कार्यकारिणीने एक नवा उपक्रमही हाती घेतला आहे. तो म्हणजे निधिसंकलनासाठी सकुटुंब धाव. पाच किलोमीटरचे अंतर, प्रत्येक घरातून निदान एक जण, आणि प्रत्येक धावणाऱ्याच्या नावे वर्गणी देणारे त्याचे आप्तेष्ट, अशी ही योजना आहे. ती बैठकीत मांडली गेली तेव्हा आमच्या एका ज्येष्ठ सभासदांनी रास्त प्रश्न केला, "वर्गणी हवी तर पन्नास वर्षे मागत आलो तशी घरोघर जाऊन मागावी, त्यासाठी धावायचे कशाला?" त्या वेळी आम्हांस उत्तर सुचले नाही. पुढे जे वाचनात आले, त्याच्या आधारे ते उत्तर येथे देण्याचा यत्न करीत आहोत.

परोपकारार्थ निधी जमविण्यासाठी धावण्याची प्रथा फार जुनी नव्हे. टेरी फॉक्स या कॅनडातील तरुणाने हाडाच्या कर्करोगामुळे आपला उजवा पाय गमावला होता. १२ एप्रिल १९८० रोजी तो कृत्रिम पायाच्या आधारे अटलांटिकच्या किनाऱ्यावरून निघाला आणि रोज जवळजवळ एका मॅरेथॉनइतके अंतर तोडीत १४३ दिवस धावला. रोग फुप्फुसांत पसरल्यामुळे १ सप्टेंबर रोजी त्याला थांबावे लागले व पुढील वर्षाच्या जूनमध्ये तो निवर्तला. पण देशातील दरडोई एक डॉलर कर्करोगाच्या संशोधनासाठी जमविण्याचा त्याचा संकल्प त्याच्या हयातीतच सिद्धीस गेला. १९८१ साली लंडनची मॅरेथॉन सुरू झाली. १९८९ पासून बॉस्टनच्या मॅरेथॉनने धर्मादाय संस्थांसाठी धावणाऱ्यांना अधिकृत प्रवेश देण्यास आरंभ केला. आपल्या मुंबईची आजची मॅरेथॉन २००४ सालची. परंतु ज्या धावेने आमच्या मनात घर केले, ती या सर्वांच्या आधीची, १९७७ सालची, अवघ्या पाच मैलांची. आणि तीत धावणाऱ्यांचा क्रमांक शेवटून दुसरा होता.

ही हकीकत अमेरिकेतील मॅसॅच्युसेट्स राज्यातल्या हॉइट कुटुंबाची आहे. डिक हॉइट हे सैन्यातील नोकरदार गृहस्थ. एअर नॅशनल गार्डमधून ते पुढे लेफ्टनंट कर्नल म्हणून निवृत्त झाले. त्यांची पत्नी ज्यूडी. जानेवारी १९६२ मध्ये त्यांना पहिला पुत्र झाला, त्याचे नाव रिक. जन्माच्या वेळी नाळ मानेभोवती गुंडाळली गेल्याने बाळाच्या मेंदूला प्राणवायूचा पुरवठा झाला नाही. सेरेब्रल पाल्सी, म्हणजे मेंदूला झालेल्या इजेमुळे येणारी शरीराची विकलता, असे निदान झाले. हातपाय चालणार नाहीत, वाचा फुटणार नाही. या मुलाला संस्थेत ठेवावे व त्याला विसरून जावे, असा सल्ला त्या काळच्या वैद्यकीय रीतीस अनुसरून देण्यात आला. आईबापांनी तो मानला नाही. ते मुलाला घरी घेऊन आले.

घरी आणले म्हणजे काय केले, हे समजण्यासाठी आपल्याच घरांकडे पाहावे. मराठी घरात मुलाच्या वाढीचे एक अलिखित पंचांग असते. तिसऱ्या-चौथ्या महिन्यात बाळ पालथे पडते, सहाव्यात उष्टावण होते, मग ते बसते, रांगते, उंबरा ओलांडते, वर्षाच्या सुमारास पहिले पाऊल टाकते. संक्रांतीला बोरन्हाण होते. शेजारणी येता-जाता विचारतात, "बसायला लागलं का?" "काही बोलतं का?" या प्रश्नांत दुष्टावा नसतो, कौतुकच असते. परंतु ज्या घरात या पंचांगातील एकही तिथी वेळेवर उगवत नाही, त्या घरातली माता हळूहळू दार लावून घेऊ लागते.

ज्यूडीने दार लावले नाही. मुलाचे डोळे आपल्या मागोमाग खोलीभर फिरतात, हे तिने पाहिले आणि त्यावरून त्याला सर्व समजते असा निष्कर्ष काढला. खरखरीत कागदाची अक्षरे कापून ती त्याच्या बोटांखाली फिरविली. घरातील प्रत्येक वस्तूवर तिच्या नावाची चिठ्ठी डकविली. पुढे झालेल्या दोन भावांबरोबर रिकला बर्फावरच्या घसरगाडीत बसविले, पाण्यात पोहायला नेले. पालथे पडणे, रांगणे या तिथी त्या घरात आल्या नाहीत. पण अक्षरओळख आली, विनोद समजणे आले, भावंडांबरोबर दंगा करणे आले. पंचांग निराळे होते, एवढेच.

टफ्ट्स विद्यापीठातील अभियंत्यांकडे आईबाप गेले आणि मुलाला बोलता येईल असे यंत्र करून द्या म्हणाले. मुलाच्या डोक्यात काही चालत असेल यावर तेथे प्रथम कोणाचा विश्वास बसेना. तेव्हा, याला एखादा विनोद सांगून पाहा, असे आईबापांनी सुचविले. विनोद सांगितला गेला आणि रिक खदखदून हसला. सुमारे ५,००० डॉलर खर्चाचे यंत्र १९७२ च्या सुमारास तयार झाले. पडद्यावर एकामागून एक अक्षरे उजळत; हवे ते अक्षर येताच रिकने डोक्याने कळ दाबावयाची. त्याचा पहिला शब्द आईला उद्देशून असेल की बापाला, याची घरात उत्सुकता होती. रिकने लिहिले ते बॉस्टनच्या बर्फावरील हॉकी संघाच्या जयजयकाराचे दोन शब्द. त्या वर्षी तो संघ अजिंक्यपदाच्या अंतिम झुंजीत होता. दहा वर्षे मुका समजला गेलेला मुलगा इतर मुलांप्रमाणेच सामन्यांचा हिशेब मनात ठेवीत होता, हे त्या दिवशी सिद्ध झाले. बाळाचा पहिला बोल ही तिथीही अशा रीतीने आली. केवळ दहा वर्षे उशिरा.

तरीही शाळेचे दार बंदच होते. विकलांग मुलांना सार्वजनिक शाळेत शिकण्याचा हक्क देणारा कायदा मॅसॅच्युसेट्स राज्याने १९७२ साली केला. त्यासाठी झटणाऱ्या पालकांत ज्यूडी होती. १९७५ साली, वयाच्या तेराव्या वर्षी, रिक सार्वजनिक शाळेत दाखल झाला.

आता १९७७ च्या वसंत ऋतूतील ती धाव. वेस्टफील्ड येथील महाविद्यालयातील एका खेळाडू विद्यार्थ्याला अपघातात पक्षाघात झाला होता. त्याच्या मदतीसाठी पाच मैलांची धाव योजण्यात आली. रिकने ते ऐकले आणि यंत्रावर लिहून वडिलांस सांगितले की, आपणही त्यात भाग घ्यावा. शरीर जायबंदी झाले तरी आयुष्य संपत नाही, हे त्याला त्या मुलास कळवावयाचे होते. डिक ३६ वर्षांचे. धावण्याचा सराव मुळीच नाही. खुर्चीही नेहमीची, धावण्यासाठी न घडविलेली. तरी बापाने मुलाची खुर्ची ढकलीत पाच मैल पुरे केले. त्या रात्री रिकने लिहिले की, धावत असताना आपण अपंग असल्याची जाणीव आपल्याला राहत नाही.

येथे क्षणभर थांबावेसे वाटते. ज्याला स्वतःला आजन्म साहाय्याची गरज होती, त्या पंधरा वर्षांच्या मुलाने काढलेली पहिली धाव स्वतःसाठी नव्हती. ती एका परक्या मुलासाठी होती. आपण ज्यांना दानाचे पात्र समजतो, त्यांना दाता होण्याची संधी आपण किती वेळा देतो?

पुढील वाट सोपी नव्हती. प्रारंभीच्या शर्यतींत इतर धावपटू या जोडीपासून अंतर राखून असत. इतकेच नव्हे, तर विकलांग मुलांच्या काही पालकांनी डिक यांना संतप्त पत्रे लिहिली. स्वतःच्या कीर्तीसाठी असहाय मुलाला फरफटत नेता, असा आरोप त्यांत होता. धावण्याची इच्छा मुलाचीच आहे, हे त्यांना ठाऊक नव्हते. १९८१ साली बॉस्टन मॅरेथॉनमध्ये भाग घ्यावयाचे ठरले तेव्हा नियम आडवे आले. ही जोडी एकट्या धावपटूंत बसेना आणि स्वतः चाके फिरविणाऱ्या खुर्चीवाल्यांतही बसेना. नियमांच्या रकान्यांत तीस वर्षे सेवा केलेल्या आम्हांस यात नवल वाटले नाही. पुष्कळदा अन्याय करण्याची कोणाचीच इच्छा नसते; फक्त अर्जाच्या नमुन्यात त्या माणसासाठी रकाना नसतो. त्या वर्षी दोघे अधिकृत क्रमांकाविना धावले. पुढे पात्रतेची वेळ ठरविण्यात आली ती चाळिशी ओलांडलेल्या बापाच्या वयाप्रमाणे नव्हे, तर विशीतल्या मुलाच्या वयाप्रमाणे : २ तास ५० मिनिटे. वॉशिंग्टन येथील मरीन कोअर मॅरेथॉनमध्ये त्यांनी त्याहून कमी वेळ नोंदवून ती अटही पुरी केली.

त्यानंतरचा इतिहास आकड्यांचा आहे. १९९२ साली त्यांनी सायकलीवर व पायी, ४५ दिवसांत ३,७३५ मैल तोडून अमेरिका ओलांडली. १९९३ साली रिक बॉस्टन विद्यापीठाचा पदवीधर झाला. विषय अर्थातच विशेष शिक्षणाचा. एकंदर अकराशेहून अधिक शर्यती, त्यांत बॉस्टनची मॅरेथॉन ३२ वेळा. २०१३ साली तेथे बाँबस्फोट झाले तेव्हा ही जोडी अंतिम रेषेपासून सुमारे एक मैलावर होती. ती आपली शेवटची बॉस्टन धाव असे त्यांनी ठरविले होते. परंतु अपुरे सोडून जाणे न पटल्याने २०१४ मध्ये ते पुन्हा आले आणि शर्यत पुरी केली. या मॅरेथॉनचा प्रारंभ होतो त्या हॉपकिंटन गावी या पितापुत्रांचा ब्राँझचा पुतळा आहे. कौटुंबिक दुःखे त्यांनाही चुकली नाहीत. डिक आणि ज्यूडी कालांतराने विभक्त झाले. ज्यूडी २०१० साली गेली. मार्च २०२१ मध्ये ८० वर्षांचे डिक आणि मे २०२३ मध्ये ६१ वर्षांचा रिक यांनी जगाचा निरोप घेतला.

हे सारे परदेशातले म्हणून बाजूस सारता येत नाही; कारण ज्या १९७२ साली मॅसॅच्युसेट्समध्ये तो कायदा झाला, त्याच वर्षी २ ऑक्टोबरला मुंबईत श्रीमती मिठू अलूर यांनी स्पॅस्टिक्स सोसायटी ऑफ इंडिया ही संस्था स्थापन केली. त्यांची कन्या मालिनी हिला जन्मतः सेरेब्रल पाल्सी होती, आणि तिला शिकवील अशी शाळा मिळेना, म्हणून मातेने शाळाच उभारली. मालिनी चिब यांनी पुढे लंडनमध्ये पदव्युत्तर शिक्षण घेतले आणि आत्मचरित्र लिहिले. त्याचे नाव 'वन लिटल फिंगर', कारण त्यांचे सर्व टंकलेखन एका बोटाने चालते. दोन खंडांतल्या दोन माता एकमेकींस ठाऊक नसताना एकच काम करीत होत्या. आपल्या देशातही १९९५ साली व पुढे २०१६ साली विकलांग व्यक्तींच्या हक्कांचे कायदे झाले आणि सार्वजनिक इमारती सर्वांना सुलभ असाव्यात हे तत्त्व त्यांत मान्य झाले.

आमच्या मंडळाचे सभागृह त्या कायद्यांच्या पूर्वीचे. त्याला नऊ पायऱ्या आहेत. ही संख्या आम्हांस पाठ आहे, कारण बदलीवर या शहरी आलो तेव्हा गणेशोत्सवात आमच्या चिरंजीवांना खांद्यावर घेऊन आम्ही त्या चढत असू. त्यांचे दुखणे रिकच्याच जातीचे. आरतीच्या वेळी झांजांच्या तालावर ते मोठ्याने हसत. बारा वर्षांचे झाल्यावर त्यांचा भार आम्हांस पेलेना, आणि आम्ही त्यांना आणणे बंद केले. कोणी अडविले नाही, कोणी हटकले नाही. आणि ते का येत नाहीत, असे कोणी विचारलेही नाही. परंतु दोष दुसऱ्यांना देण्याचा आम्हांस अधिकार नाही. एक उताराचा मार्ग बांधावा, हा ठराव मांडण्यास आम्हांलाच बारा वर्षे लागली. मुलासाठी काही मागणे म्हणजे भीक मागणे, असे मनाने घेतले होते. तो ठराव यंदा एकमताने संमत झाला. धावेचा निधी त्याच कामी लागणार आहे.

आता त्या ज्येष्ठ सभासदांच्या प्रश्नाचे उत्तर. वर्गणी घरोघर जाऊन मिळते, हे खरे. पण वर्गणी मागणारा दारात उभा राहतो आणि आतल्या खोलीतला माणूस आतच राहतो. धाव रस्त्यावरून जाते. तीत त्याला बाहेर यावे लागते, आणि इतरांना त्याच्या बरोबरीने चालावे लागते. हॉइट पितापुत्रांनी किती निधी जमविला याहून, त्यांनी हे करून दाखविले हे मोठे.

धावेच्या नोंदवहीत आमच्या घरातून दोन नावे आहेत. पहिले चिरंजीवांचे, दुसरे त्यांची खुर्ची ढकलणाऱ्याचे. वय छप्पन्न, सराव अल्प. शेवटून दुसरा क्रमांक आला तरी समाधान आहे. नोंदवही कार्यालयात ठेवली आहे. ज्यांच्या घरी असे कोणी आतल्या खोलीत असेल, त्यांनी त्यांचे नाव प्रथम लिहावे आणि आपले त्याखाली, एवढीच नम्र विनंती.