कार्टर, जिमी
(१ ऑक्टोबर १९२४ – २९ डिसेंबर २०२४). अमेरिकेचे ३९वे अध्यक्ष (१९७७–८१). जन्म जॉर्जिया राज्यातील प्लेन्स या लहानशा गावी. नौदलात पाणबुड्यांवर नोकरी. १९५३मध्ये वडील वारल्यावर गावी परतून भुईमुगाचा व्यवसाय सांभाळला. १९७१–७५ जॉर्जियाचे गव्हर्नर.

सप्टेंबर १९७८मध्ये कॅम्प डेव्हिड येथे इजिप्तचे सादात आणि इस्राएलचे बेगिन यांच्यात त्यांनी तेरा दिवस मध्यस्थी केली. दोघे एकमेकांचे तोंड पाहीनासे झाले, तेव्हा मसुदे घेऊन कार्टर स्वतः त्यांच्यामध्ये ये-जा करत राहिले. त्यातून झालेला १९७९चा शांतता करार आजही टिकून आहे. मात्र महागाई आणि तेहरानमध्ये ४४४ दिवस ओलीस राहिलेले ५२ अमेरिकी यांमुळे १९८०मध्ये रेगन यांनी त्यांचा पराभव केला.

त्यांचे खरे मोठे काम पदावरून उतरल्यावरचे. १९८२मध्ये स्थापलेल्या कार्टर सेंटरने नारू रोगाविरुद्धच्या जागतिक मोहिमेचे नेतृत्व केले. १९८६मध्ये जगात सुमारे ३५ लाख रुग्ण होते. २०२३मध्ये अवघे १४. पाणी गाळून पिणे, हाच मुख्य उपाय. विहिरीच्या पाण्यातून नारू होत असे, हे महाराष्ट्राच्या खेड्यांतील जुन्या पिढीला वेगळे सांगायला नको. २००२मध्ये त्यांना शांततेचे नोबेल मिळाले.

त्यांच्या आई लिलियन यांनी साठी उलटल्यावर पीस कोअरच्या स्वयंसेविका म्हणून मुंबईत विक्रोळीला रुग्णसेवा केली होती. २००६मध्ये कार्टर स्वतः लोणावळ्याजवळ गरिबांसाठी घरे बांधायला आले, तेव्हा ते ८२ वर्षांचे होते.