वर्ग-प्रतिसाद साधने व विद्यार्थ्यांचा दृष्टिकोन

वर्ग-प्रतिसाद साधने : शिक्षकाने विचारलेल्या बहुपर्यायी प्रश्नाला वर्गातील सर्व विद्यार्थ्यांकडून एकाच वेळी उत्तरे घेऊन त्यांचा आलेख लगेच पडद्यावर दाखवणारी साधने. हातात धरायच्या छोट्या यंत्राला ‘क्लिकर’ म्हणतात. आता बहुतेक ठिकाणी त्याची जागा मोबाईलने घेतली आहे आणि मेंटीमीटर, काहूट, गूगल फॉर्म ही नावे आपल्या महाविद्यालयांतही रुळली आहेत. ही नोंद विद्यार्थी या साधनांकडे कसे पाहतात याविषयी आहे.

अमेरिकेतील विद्यापीठांनी १९६०च्या दशकातच व्याख्यानगृहांत उत्तराची बटणे बसवून पाहिली होती. तेव्हापासूनच्या अभ्यासांचा आढावा युजीन जडसन व डाइयो सावाडा यांनी २००२ मध्ये घेतला. त्यातला निष्कर्ष या विषयाच्या मुळाशी जातो. विद्यार्थ्यांना ही साधने पहिल्यापासून आवडत होती, पण जुन्या प्रयोगांत त्यांचे गुण वाढल्याचे दिसत नव्हते. प्रश्न विचारून विद्यार्थ्यांना आपापसांत चर्चा करायला लावणारे अध्यापन आले, तेव्हा आकलनात फरक दिसू लागला. आवड आणि शिकणे या दोन गोष्टी वेगळ्या मोजाव्या लागतात, हे तेव्हापासून स्पष्ट आहे.

अशा चर्चेची सर्वांत परिचित पद्धत हार्वर्डचे भौतिकीचे प्राध्यापक एरिक मेझर यांनी १९९१ पासून रूढ केली. प्रश्न द्यायचा, प्रत्येकाने एकट्याने विचार करून उत्तर नोंदवायचे. बरोबर उत्तरे साधारण तीस ते सत्तर टक्क्यांच्या दरम्यान असतील तर शेजाऱ्याशी वाद घालायचा आणि पुन्हा उत्तर द्यायचे. गटातील कोणालाच सुरुवातीला उत्तर माहीत नसले तरी चर्चेनंतर समज सुधारते, असे कोलोरॅडो विद्यापीठातील मिशेल स्मिथ व सहकाऱ्यांनी २००९ मध्ये दाखवले.

महाराष्ट्रात या विचाराला संशोधनाची बैठक मिळाली ती पवईच्या आयआयटी मुंबईत. तेथे सहाना मूर्ती, श्रीधर अय्यर व त्यांच्या विद्यार्थ्यांनी संगणक-प्रोग्रामिंगच्या मोठ्या प्रथमवर्ष वर्गात ‘एकट्याने विचार, जोडीने चर्चा, मग वर्गापुढे मांडणी’ ही रीत वापरली. वर्गात बसून प्रत्यक्ष निरीक्षण केले, तेव्हा एकट्याने व जोडीने काम करण्याच्या टप्प्यांत सरासरी ८३ टक्के विद्यार्थी कामात गुंतलेले आढळले. हा शोधनिबंध २०१३चा. याच संस्थेत प्रा. दीपक फाटक यांच्या नेतृत्वाखाली ‘आकाश’ या स्वस्त टॅब्लेटवर क्लिकरचे ॲप तयार झाले होते, आणि पुढे प्रा. भास्करन रामन यांच्या गटाने मोबाईलवर वर्गातच चाचणी घेणारे ‘सेफ’ हे ॲप बनवले. साधन स्वस्त करावे, विद्यार्थ्याच्या खिशातल्या फोनवर आणावे, हा विचार या प्रयत्नांत होता. अमेरिकेतील विद्यार्थ्यांच्या तक्रारींत क्लिकर पदरच्या पैशांनी विकत घ्यावा लागतो ही तक्रार वारंवार येते. इथे तो खर्च विद्यार्थ्यावर टाकणे परवडणारेच नव्हते.

विद्यार्थ्यांना हे साधन का आवडते, याची कारणे निरनिराळ्या देशांतील पाहण्यांत बरीचशी सारखी आहेत. उत्तर चुकले तरी नाव कळत नाही. आपल्याइतकेच गोंधळलेले आणखी निम्मे लोक वर्गात आहेत, हे आलेखावरून दिसते. आपले कुठे चुकले ते परीक्षेपर्यंत थांबून न राहता त्याच तासाला समजते. यांतले पहिले कारण आपल्याकडे सर्वांत वजनदार मानायला हवे. रायगड जिल्ह्यातल्या बिरवाडी, महाड किंवा पोलादपूरच्या एखाद्या शाळेत मराठी माध्यमातून शिकलेली मुलगी लोणेऱ्याच्या डॉ. बाबासाहेब आंबेडकर तंत्रशास्त्र विद्यापीठात (स्थापना १९८९) पहिल्या वर्षाला बसते, तेव्हा विषय कळत असूनही इंग्रजीत उभे राहून उत्तर द्यायला ती कचरते. सरांनी ‘समजलं का?’ विचारले की सगळा वर्ग माना डोलावतो आणि तास पुढे सरकतो. नाव न सांगता दिलेले उत्तर ही तिची त्या वर्गातली पहिली खरी उपस्थिती असू शकते. प्रश्न मराठीतही दिला तर आणखी उत्तम. अभियांत्रिकी मराठीतून शिकवण्याला अखिल भारतीय तंत्रशिक्षण परिषदेने २०२१ पासून वाट मोकळी केली आहे.

नाराजीची कारणेही ठरलेली आहेत. नेटवर्क जाते, ॲप अडकते, पाच मिनिटांच्या कामाला पंधरा लागतात. अभ्यासक्रम मागे पडतो अशी हुशार विद्यार्थ्यांची कुरकुर असते. सर्वांत कडवट प्रतिक्रिया मात्र साधन हजेरीसाठी किंवा गुणांसाठी वापरले की येते. तेव्हा मित्राचा फोन घेऊन त्याचेही उत्तर नोंदवले जाते. मार्क जेम्स यांच्या २००६च्या अभ्यासात, चुकीच्या उत्तराला कमी गुण मिळत त्या वर्गात जोडीतला अधिक जाणता विद्यार्थीच बोलत राहतो आणि दुसरा मुकाट त्याचे उत्तर उचलतो, असे आढळले. ज्या मोकळेपणासाठी साधन आणले, तोच गुणांनी मारला.

आणखी एक अडचण अशी की विद्यार्थ्यांचे मत हे शिकण्याचे खात्रीलायक माप नाही. हार्वर्डमध्ये लुई देलोरिए व सहकाऱ्यांनी २०१९ मध्ये प्रसिद्ध केलेल्या प्रयोगात चर्चेच्या वर्गातील विद्यार्थी चाचणीत पुढे होते. तरीही आपण कमी शिकलो असे त्यांना वाटत होते, कारण ओघवते व्याख्यान ऐकताना सगळे समजल्याचा भास होतो आणि स्वतः विचार करताना दमछाक होते. म्हणून पहिल्या दोन आठवड्यांत नापसंती आली तरी शिक्षकाने पद्धत सोडू नये, आणि ती का वापरतो हे वर्गाला सांगावे.

साधनाचा वापर आणि शिकणे यांतला फरक आपल्या महाविद्यालयांच्या मूल्यमापनात हरवलेला आहे. राष्ट्रीय मूल्यांकन व अधिस्वीकृती परिषदेच्या (नॅक) विद्यार्थी समाधान सर्वेक्षणात किती टक्के शिक्षक प्रोजेक्टरसारखी साधने वापरतात, हे विचारले जाते. त्यामुळे साधन आहे एवढे कागदावर येते. त्याने विद्यार्थ्याला काही बोलता आले का, हे त्या उत्तरातून कळत नाही.

यंत्राची किंमत आणि सह्याद्रीच्या पायथ्याशी पावसाळ्यात जाणारी वीज यांचा बाऊ करण्याचेही कारण नाही. कॅनडातील नॅथॅनियल लासरी यांनी क्लिकर वापरणारा वर्ग आणि अ, ब, क, ड अशी कार्डे उंचावणारा वर्ग यांची तुलना केली (२००८). शिकण्यात फरक आढळला नाही. कार्डाने गुप्तता थोडी कमी होते, पण सर्वांनी एकाच क्षणी, छातीशी धरून कार्ड दाखवले तर शेजाऱ्याला ते सहसा दिसत नाही. डॉ. आंबेडकरांनी १९४५ मध्ये स्थापन केलेल्या पीपल्स एज्युकेशन सोसायटीचे महाविद्यालय महाडला आहे, पोलादपूरलाही महाविद्यालय आहे. तिथल्या शिक्षकांनी यंत्राच्या खरेदीची वाट न पाहता चार पुठ्ठ्यांनी सुरुवात करावी, हजेरीची वही वेगळी ठेवावी, आणि सत्राच्या अखेरीस विद्यार्थ्यांना एवढे जरूर विचारावे की या तासांना तुम्ही बोललात का.