विहिरीतला पांढरा दगड आणि दोन बंधांची गोष्ट

अहिल्यानगर (पूर्वीचा अहमदनगर) जिल्ह्यातल्या मिरजगावचा परिसर दख्खनच्या काळ्या पाषाणावर वसलेला आहे. सुमारे साडेसहा कोटी वर्षांपूर्वीच्या लाव्ह्याचा हा खडक. लाव्हा थिजताना त्यात वायूचे बुडबुडे अडकले आणि त्या पोकळ्यांमध्ये पुढे खनिजे विरघळलेल्या पाण्यातून पांढरे स्फटिक वाढले. अशा खडकात विहीर खोदली की बाहेर पडलेल्या ढिगात पांढऱ्या ठिपक्यांचे दगड सापडतात. आपण सरसकट सगळ्यांना गारगोटी म्हणतो. पण त्यातले बरेचसे गारगोटी नसतात, झिओलाइट असतात. एकोणिसाव्या शतकात मुंबई-पुणे रेल्वेसाठी बोरघाट फोडला गेला, तेव्हा निघालेले असे सुंदर स्फटिक जगभरच्या संग्रहालयांत जाऊन पोहोचले.

ओळखण्याची रीत सोपी आहे. दगडाची पूड कोरड्या परीक्षानळीत घालून तापवावी. झिओलाइट असेल तर नळीच्या वरच्या थंड भागात पाण्याचे थेंब जमतात. स्वीडनच्या क्रोनस्टेटने 1756 मध्ये असा दगड तापवला, तो उकळल्यासारखा फसफसला, म्हणून त्याने त्याला ग्रीक भाषेतून 'उकळणारा दगड' असे नाव दिले. (सौम्य आम्लात बुडबुडे आले तर तो कॅल्साइट समजावा.)

या दगडाची दुसरी खोड अधिक विचार करायला लावणारी आहे. 1850 मध्ये इंग्लंडमधल्या वे या रसायनज्ञाने दाखवले, की मातीवर अमोनियम सल्फेटचे द्रावण ओतले तर खालून कॅल्शियम सल्फेट बाहेर पडते. अमोनियम मातीतच राहते. 1858 मध्ये आइशहोर्न याने झिओलाइटवर हाच प्रकार दाखवला. सोडियम जातो, कॅल्शियम येतो, पुन्हा उलटेही घडते आणि दगडाचा सांगाडा मात्र जागचा हलत नाही. एकाच दगडात काही अणू इतके सैल आणि काही इतके घट्ट का?

त्या काळच्या रसायनशास्त्राकडे याचे उत्तर नव्हते. बर्झेलियसने विद्युत-अपघटनाच्या प्रयोगांवरून असे मांडले होते, की प्रत्येक संयुग म्हणजे एक धन आणि एक ऋण भाग यांची जोडी. मिठाला हे चपखल बसते. पण 1838च्या सुमारास फ्रान्समध्ये द्यूमाने ॲसेटिक आम्लातले 'धन' हायड्रोजन काढून तिथे 'ऋण' क्लोरीन बसवले आणि तरीही नवा पदार्थ आम्लच राहिला! बर्झेलियसला हे शेवटपर्यंत पटले नाही. पुढची पिढी अणूंमध्ये रेघा काढून काम चालवू लागली. त्या रेघेचा अर्थ काय, हे कोणालाच सांगता येत नव्हते.

इलेक्ट्रॉनचा शोध 1897चा. 1902 मध्ये अमेरिकेतला गिल्बर्ट लुईस प्राथमिक वर्गातल्या विद्यार्थ्यांना आवर्तसारणी समजावून सांगू पाहत होता. त्या खटपटीत त्याने अणूचे चित्र घनाकृती काढले, आठ कोपऱ्यांवर आठ इलेक्ट्रॉन. शिकवण्याच्या अडचणीतून निघालेले हे चित्र त्याने चौदा वर्षे छापले नाही. 1916 मध्ये जर्मनीत कोसेलने इलेक्ट्रॉनच्या देवाणघेवाणीतून आयनिक बंधाचा खुलासा केला आणि त्याच वर्षी लुईसने सांगितले, की ती रेघ म्हणजे दोन अणूंनी सामाईक वापरलेली इलेक्ट्रॉनची जोडी. 1919 मध्ये लँगम्यूरने या बंधाला नाव दिले. त्यालाच आपण सहसंयुज बंध म्हणतो.

मिठाच्या बाबतीत मात्र वाद मिटला नाही. 1913 मध्ये ब्रॅग यांनी क्ष-किरणांनी दाखवले होते, की मिठाच्या स्फटिकात प्रत्येक सोडियमभोवती सहा क्लोरीन आणि प्रत्येक क्लोरीनभोवती सहा सोडियम असतात. म्हणजे मिठाचा वेगळा 'रेणू' नसतोच. वृद्ध रसायनज्ञ आर्मस्ट्राँग याने 1927 मध्येही या बुद्धिबळाच्या पटाची जाहीर थट्टा केली. आम्हाला त्याची चूक समजण्यासारखी वाटते, कारण फळ्यावर आपणही एक सोडियम आणि एक क्लोरीनच काढतो. शिवाय 'सोडियमला इलेक्ट्रॉन द्यायला आवडतो' असेही सांगतो. प्रत्यक्षात एक मोल सोडियम अणूंमधून एकेक इलेक्ट्रॉन काढायला 496 किलोज्यूल खर्च येतो, क्लोरीनने ते घेतल्यावर 349 परत मिळतात. सौदा तोट्याचाच! तो भरून निघतो असंख्य आयन स्फटिकात एकत्र रचले जाताना. तेव्हा 787 किलोज्यूल बाहेर पडतात.

झिओलाइटचे कोडे 1930 मध्ये लायनस पॉलिंगने नॅट्रोलाइटची रचना मांडल्यावर उलगडले. सिलिकॉन, ॲल्युमिनियम आणि ऑक्सिजन यांची अखंड जाळी हा सांगाडा. सिलिकॉनच्या जागी ॲल्युमिनियम आला की जाळीवर एक ऋणभार उरतो. तो फेडायला पोकळीत सोडियम किंवा कॅल्शियमचे आयन बसतात. ते फक्त विद्युत आकर्षणाने धरलेले असतात, म्हणून दुसरा धन आयन त्यांची जागा घेऊ शकतो.

इथे जाळी सहसंयुज आणि पाहुणे आयनिक, अशी वाटणी करून थांबण्याचा मोह होतो. पॉलिंगच्या 1932च्या विद्युतऋणता-मापनाने तोही मोडला. त्याच्या हिशेबाने सिलिकॉन-ऑक्सिजन बंध जवळजवळ निम्मा आयनिक आहे! सामाईक जोडी कुठे मधोमध, कुठे एकीकडे ओढलेली, हे लुईसने 1916 मध्येच लिहिले होते. पाठ्यपुस्तकातले दोन कप्पे नंतर, परीक्षेच्या सोयीने पक्के झाले असावेत.

मिरजगावच्या काळ्या मातीतले चिकणमातीचे कण झिओलाइटचेच नातलग आहेत: थरांची ऋणभारित जाळी, तिच्याशी चिकटलेले कॅल्शियम आणि सोडियम. शेतात टाकलेल्या युरियापासून तयार होणारा अमोनियम आयन धनभारित असल्यामुळे हे थर त्याला धरून ठेवतात. जिवाणूंनी त्याचा नायट्रेट केला की तो ऋणभारित होतो, मातीला धरता येत नाही आणि पावसाच्या पाण्याबरोबर खाली विहिरीपर्यंत झिरपत जातो.